रात्र मोजणारी वेल

पावसाळा सरला, की गडचिरोलीच्या जंगलात झाडांवर चढलेल्या रानकंदांच्या वेली पिवळ्या पडू लागतात. वेल वाळली की खणायला जायचं, हे तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी असल्यामुळे मला प्रश्न पडतो तो त्याआधीचा. आता कंद भरायला घ्या, हे वेलीला कोण सांगतं?

याचं उत्तर बटाट्यात सापडलं, कारण बटाट्यावर जगभर काम झालं. बटाटा मूळचा अँडीज पर्वतातला. तिथल्या जुन्या जाती रात्र लांबली तरच बटाटे धरतात, आणि रात्र मोजतं ते पान. लांब रात्री अनुभवलेल्या झाडाच्या डहाळीचं कलम दुसऱ्या झाडावर बांधलं, तर त्या दुसऱ्या झाडालाही खाली बटाटे लागतात. म्हणजे पानातून काहीतरी निरोप खाली जात असला पाहिजे. तो नेणारा २०११ मध्ये ओळखला गेला. ‘एसपी-सिक्स-ए’ नावाचं ते एक प्रथिन आहे. गंमत अशी, की झाडाला फुलं यायला लावणारं प्रथिन याच घराण्यातलं! जमिनीखाली आडव्या धावणाऱ्या फुटव्याच्या टोकाशी हा निरोप पोचला, की त्याचं लांब होणं थांबतं, टोक फुगतं आणि पानांतून उतरलेली साखर तिथं स्टार्च होऊन साठू लागते.

रताळ्याचं तंत्र निराळं. बटाटा म्हणजे खोड, रताळं मात्र खरोखरीचं मूळ. कोवळ्या मुळाला लाकडासारखं टणक होता येतं किंवा फुगता येतं. जे फुगतं, त्यात टणकपणा आणणारं लिग्निन बनवणारी जनुकं मंदावतात आणि स्टार्चची जनुकं जोर धरतात.

आपल्या रानकंदांच्या, म्हणजे डायोस्कोरिया कुळातल्या वेलींच्या वाट्याला इतका अभ्यास आलेला नाही. पण त्यांच्यातल्या अनेकांचे कंदही दिवस लहान होऊ लागल्यावरच झपाट्यानं भरतात. करांद्याची वेल तर पानाच्या बगलेतही छोटे कंद धरते. कोठार जमिनीखालीच हवं असं नाही.

हे कोठार वेल स्वतःसाठी भरते, आपल्यासाठी नव्हे. म्हणून काही जातींत तिनं त्याला कुलूपही घातलंय. मध्य भारतात बैचांदी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंदात डायोस्कोरीन हे विष असतं. नीट न काढता खाल्लं तर झटके येतात, माणूस दगावूही शकतो. आदिवासी बाया त्याच्या चकत्या करून वाहत्या पाण्यात दिवसचे दिवस ठेवतात, उकडतात. विष पाण्यात विरघळतं, स्टार्च मागे उरतो. यात घाई चालत नाही.

खणण्यातही घाई नडते. पानं हिरवी असताना खणलं, तर साखर अजून वरच असते. कंद पोचट निघतो आणि वेलही जाते.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाच्या व्याख्येत कंद आणि मुळं स्पष्ट नावानिशी घातली. २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. नंतर जिल्ह्यातल्या इतर अनेक गावांनाही मिळाला. खणायचं कधी हे आता ग्रामसभेला ठरवता येतं, आणि त्यासाठी पिवळ्या पानापेक्षा सोपी खूण नाही. पुढच्या वर्षीचा कोंब कंदाच्या डोक्याशी असतो. तेवढा तुकडा खड्ड्यात ठेवून वर माती लोटली, तर पावसाळ्यात वेल तिथूनच वर येते.