सरदार की शिपाई?

1739च्या वसईच्या मोहिमेवर उद्या कुणी व्हिडिओ गेम काढला, तर खेळणाऱ्याने त्यात नेमके काय करायचे? एक उत्तर असे की तो मराठ्यांचा सेनापती चिमाजी अप्पा होईल. कुठल्या बुरुजाखाली सुरुंग खणायचा, तोफा कुठे मांडायच्या, खाडीच्या बाजूने किल्ल्याला येणारी मदत कशी तोडायची, हे तो ठरवेल. दुसरे उत्तर असे की तो ढाल-तलवार घेऊन सेबॅस्टियन बुरुजाच्या भगदाडातून वर चढणारा शिपाई होईल. वेढा फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत चालला. भगदाडावरची हातघाई त्यातल्या शेवटच्या थोड्या दिवसांची. पहिल्या गेममध्ये विचार जास्त आणि हाणामारी कमी असेल, दुसऱ्यात उलट. दोन्ही गेम चांगले होऊ शकतात, पण ते एकच गेम नव्हेत. जगभरचे गेमर गाजलेल्या गेमच्या पुढच्या भागातली लढाई कशी असावी यावर वर्षानुवर्षे हमरीतुमरीवर येतात, तेव्हा बहुतेक वेळा हा साधा फरक बाजूला राहतो आणि भांडण 'जुने की नवे' या भलत्याच मुद्द्यावर जाते.

हे भांडण सर्वांत जास्त रंगते ते रोल-प्लेइंग, म्हणजे भूमिका घेऊन खेळायच्या गेममध्ये. त्यांतल्या लढायांच्या ढोबळ तीन तऱ्हा. पहिलीला गेमर टर्न-बेस्ड म्हणतात. बुद्धिबळ किंवा सारीपाट खेळलेल्याला ती समजावून सांगावी लागत नाही: आधी माझा डाव, मग तुझा. दुसरी रिअल टाइम. तिथे घड्याळ थांबत नाही, बोट वेळेवर हलले नाही तर मार बसतो. तिसरी या दोहोंमधली. लढाई आपोआप चालू राहते, पण खेळणारा हवे तेव्हा ती थांबवून आपल्या माणसांना हुकूम देतो आणि पुन्हा सुरू करतो. मराठीत 'डाव' म्हणजे आपली पाळी आणि डाव म्हणजे कुस्तीतला पेचही. एका शब्दात आपण पाळी आणि युक्ती दोन्ही कोंबल्या आहेत, आणि टर्न-बेस्ड लढाईची सगळी गंमत त्या दुहेरी अर्थातच आहे.

'बॉल्डर्स गेट'चा किस्सा या वादातला सर्वांत बोलका. 1998 आणि 2000 साली आलेले त्याचे पहिले दोन भाग बायोवेअर या कॅनडातल्या कंपनीने तिसऱ्या तऱ्हेने, म्हणजे थांबवत-चालवत खेळायचे केले होते. पुढे बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओने तिसरा भाग हाती घेतला आणि 2020च्या सुरुवातीला त्यातली लढाई पाळीपाळीची असल्याचे दाखवले, तेव्हा जुन्या चाहत्यांपैकी अनेकांनी 'हा आमचा गेमच नव्हे' असा सूर लावला. यात एक विनोद होता. हे सगळे गेम ज्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या नियमांवर उभे आहेत, तो मुळात टेबलाभोवती बसून फासे टाकत पाळीपाळीने खेळायचा खेळ. मूळ रूप जपायचा हट्टच असेल, तर लॅरियन मुळाच्या जास्त जवळ गेले होते. ऑगस्ट 2023 मध्ये गेम आला आणि त्या डिसेंबरात 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. बक्षिसाने वाद मिटत नाही हे खरे. तरी तऱ्हा बदलूनही बहुतेकांना गेम आपलासा वाटला, याचे कारण शोधायला हवे. खेळणारा पूर्वीही टोळीचा म्होरक्या होता आणि आताही म्होरक्याच होता. कुणाला उंचावर उभे करायचे, सांडलेल्या तेलाला कधी आग लावायची, शत्रूला कड्यावरून कुणी ढकलायचे, हे ठरवणे त्याचेच काम राहिले. घड्याळ बदलले, हुद्दा बदलला नाही.

याची उलट बाजू जपानच्या 'फायनल फँटसी'त दिसते. 1987 साली पाळीच्या लढाईने सुरू झालेल्या या मालिकेचा सोळावा भाग 2023 मध्ये आला, तो थेट धावपळीचा. त्यात खेळणाऱ्याच्या हाती क्लाइव्ह हा एकटा योद्धा. सोबती लढतात, पण आपापल्या मनाने. हुकूम फार तर त्याच्या कुत्र्याला देता येतो. लढाई देखणी आणि चपळ आहे, याबद्दल टीकाकारांचीही तक्रार नाही. मात्र ज्यांना टोळी चालवायची सवय होती, त्यांना सरदारकी काढून शिपाईगिरीवर धाडल्यासारखे वाटले. त्याच मालिकेतल्या सातव्या भागाच्या 2020च्या नव्या आवृत्तीतही पाळी काढून वेग आणला होता. पण तिथे खेळणारा एका योद्ध्याकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, आणि हुकूम देताना काळ जवळजवळ थबकतो. म्हणजे वेग वाढवून सरदारकी राखता येते. चाहत्यांचा राग वेगावर नसतो. त्यांची खुर्ची काढून घेतली की तो येतो.

पाळीच्या लढाईवर पहिला आक्षेप ठरलेला: शत्रू तलवार उगारून आपल्या पाळीची वाट पाहत उभा राहतो, हे कसले युद्ध? नाटकातले पात्र बाजूला वळून मनातले बोलते तेव्हा बाकीचे ऐकत नाहीत, हे आपण मुकाट्याने मान्य करतो. हा तसाच एक संकेत. शिवाय खरे युद्धही सगळे धावपळीचे नसते. वसईच्या वेढ्यात उशिरा उडालेल्या सुरुंगाने मराठ्यांचीच माणसे मारली. तिथे चूक मनगटाची नव्हती, ठरवलेल्या वेळेचे आणि घडलेल्या वेळेचे गणित फिसकटले. असला प्रसंग पाळीच्या लढाईत जितका अंगावर येईल तितका बटणे बडवण्यात येणार नाही.

दुसरा आक्षेप वयाचा. तरुणांना संथ काही नको, असे गेम कंपन्यांच्या बैठकांत आणि बाहेरही म्हटले जाते. पण 2025चा सर्वोत्तम गेम ठरलेला 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन 33' हा फ्रान्समधल्या एका नव्या स्टुडिओचा गेम पाळीच्या लढाईचाच आहे. शत्रूच्या पाळीत नेमक्या क्षणी वार चुकवायचा किंवा परतवायचा, एवढी चलाखी त्यांनी तिच्यात घातली. आणि संथपणाची किंमत संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये कळते. एका हाताने कडी धरलेली, दुसऱ्या हातात फोन, नालासोपाऱ्याला दाराकडे लोटणारी गर्दी. अशा वेळी आपली पाळी येईपर्यंत थांबणारा खेळच खेळता येतो.

पाळीच्या पुरस्कर्त्यांनीही एक कबुली द्यावी. 'बॉल्डर्स गेट 3'मध्ये पंधरा-वीस गॉब्लिन एकदम आले की प्रत्येकाची पाळी संपेपर्यंत चहा करून आणता येतो. 'दोन्ही तऱ्हा द्या, ज्याला जी हवी ती' हा तोडगा ऐकायला गोड आहे. 'पिलर्स ऑफ इटर्निटी'चा दुसरा भाग 2018 मध्ये थांबवत-चालवत खेळायचा म्हणून आला आणि 2019 मध्ये त्याला पाळीची तऱ्हा जोडण्यात आली. पण घाईच्या लढाईसाठी मांडलेल्या शत्रूंच्या झुंडी पाळीने खेळायला लागले की रेंगाळतात. किती शत्रू, किती मोठे मैदान, किती वार, हे सगळे आधी ठरवलेल्या घड्याळावर अवलंबून असते. घड्याळ मागाहून बदलायचे, तर प्रत्येक लढाई नव्याने मांडावी लागते.

हा वाद आता आपल्या दाराशीही आला आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये 'राजी' काढला. भाऊ गोलूच्या शोधात निघालेली राजी आणि तिच्याशी झुंजणारे असुर, अशी त्याची गोष्ट. त्याच्या चित्रांचे जगभर कौतुक झाले, पदार्पणाच्या गेमसाठी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये नामांकनही मिळाले. लढाई मात्र अनेकांना तोचतोचपणाची आणि सैल वाटली. आता 'राजी: कलियुग' हा पुढचा भाग जाहीर झाला आहे. तो रोल-प्लेइंग गेम नव्हे, सरळ झुंजीचा आहे, आणि राजीच्या हाती त्रिशूळ आहे, फौज नाही. ती पहिल्या भागापासून शिपाईच. म्हणून तिच्यासाठी डावाची आणि पाळीची मागणी करण्यात अर्थ नाही. आपल्या मराठी चाहत्यांनी नॉडिंग हेड्सच्या मुलांकडे काही मागायचेच असेल, तर एवढेच मागावे: त्रिशूळ लागला की लागल्याचे हाताला कळू दे, आणि मार बसला तर कुठे चुकले ते डोळ्यांना दिसू दे.