होडीला डिंक कोणता?

मुलांनो, आमच्या पडेगावाला ना समुद्र, ना मोठी नदी. तरी गेल्या पावसाळ्यात आमच्या चौथीच्या वर्गाने होडी बांधली! सुताराकडच्या फळकुटांची, हातभर लांब. हस्तकलेचाच पांढरा डिंक लावला. होडी टबात झकास तरंगली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर काय, फळ्या सुट्या! सगळे हिरमुसले. एक जण हळूच म्हणाला, "गुरुजी, आत माणसं असती तर?"

प्रश्न लाखमोलाचा होता. चला, उत्तर शोधू या.

पांढऱ्या डिंकात पाणी असतं. ते उडून गेलं, की डिंकाचे बारीक कण एकमेकांना आणि लाकडाला घट्ट धरतात. घरातल्या खुर्चीला हे छान. पण पाण्यात राहिला, की साधा डिंक फुगतो, मऊ पडतो.

म्हणून होडीच्या दुरुस्तीला बहुधा इपॉक्सी वापरतात. तो दोन भागांत मिळतो. दोन्ही भाग सांगितलेल्या मापातच मिसळायचे. तो नुसता वाळत नाही. दोन रसायनांची क्रिया होऊन कडक होतो. मग पाण्यात विरघळत नाही. मात्र आधी कुजका भाग काढायचा, जुना रंग खरवडायचा आणि लाकूड पूर्ण कोरडं करायचं. उन्हाने इपॉक्सी खराब होतो, म्हणून वरून रंगही हवा.

मग कुठल्याही होडीला इपॉक्सी फासला की झालं? थांबा! लाकूड भिजलं की फुगतं, सुकलं की आकसतं. काही होड्यांच्या फळ्यांना थोडं हलायला वाव ठेवलेला असतो. तिथे कडक डिंक भरला, तर शेजारची फळीच तडकू शकते.

गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी दोन्ही तऱ्हांची जहाजं बांधली. पहिलं 'म्हादेई'. आत लाकूड, त्यावर फायबरग्लास आणि चिकटवायला इपॉक्सी. याच नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली.

दुसरं 'कौंडिण्य'. त्याचा नमुना कुठला, ठाऊक आहे? आपल्याच जिल्ह्यातल्या अजिंठ्याच्या लेण्यातलं पाचव्या शतकातलं चित्र! त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने चक्क शिवल्या आहेत आणि फटी नैसर्गिक राळेने बुजवल्या आहेत. हे जहाज २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघालं आणि १४ जानेवारी २०२६ रोजी मस्कतला पोचलं.

म्हणजे डिंक निवडण्याआधी होडीलाच विचारायचं: तू कशी बांधलीस? पाण्यात किती वेळ राहणार?

करून पाहा: आइस्क्रीमच्या काड्यांच्या दोन जोड्या घ्या. एक पांढऱ्या डिंकाने चिकटवा, दुसरी इपॉक्सीने. इपॉक्सी आईबाबांनीच हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून लावावा. दोन दिवसांनी जोड्या पाण्यात टाका. रोज तपासा, वहीत लिहा.

आमच्या होडीची दुरुस्ती झाली आहे. आता ती आठवडाभर टबात आहे. प्रश्न विचारणारा मुलगा रोज सकाळी आधी तिच्याकडे धावतो!