ढोलीतले शेजारी

शहरात मुलांना वन्यजीव कुठे दाखवायचे, असा प्रश्न आपल्याला नेहमी पडतो. शाळेजवळच्या बागेतले एखादे जुने झाडही त्यासाठी पुरते.

पोपट काड्यांचे घरटे बांधत नाही. त्याला ढोली लागते. सुतार किंवा तांबट पक्ष्याने कोरलेले भोक तो चोचीने रुंद करून घेतो. साळुंकी, पिंगळा आणि कधी कधी खारही ढोली वापरतात. त्यामुळे जागेसाठी भांडणे जुंपतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलांना झाडापासून थोडे दूर अर्धा तास शांत बसवावे. ढोलीत कोण शिरते, कोण हुसकावले जाते, हे वेळेसह नोंदवू द्यावे. गळ्याला काळा-गुलाबी पट्टा असेल तर तो पूर्ण वाढलेला नर. पट्टा नसेल तर मादी की लहान नर, हे लगेच सांगता येत नाही. 'दिसत नाही' हीसुद्धा नोंदच!

सुतार-तांबट बहुधा वाळलेली, मऊ झालेली फांदीच कोरतात. नेमकी तीच आपण निरुपयोगी म्हणून तोडतो. धोका नसेल तर ती राहू द्यावी. तोडावीच लागली तर आधी ढोली पाहावी. पिल्ले मात्र घरी आणू नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पोपट पकडणे गुन्हा आहे.