श्रीमंतांचा पैसा आणि संशयास्पद सल्लागार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोठी संपत्ती असलेली माणसे आपला पैसा संशयास्पद सल्लागाराच्या हाती का देतात, याचे उत्तर बहुधा दोन शब्दांत दिले जाते : हाव आणि मूर्खपणा. असे उत्तर देणाऱ्याला आपण त्यातले नाही याची खात्री वाटते, म्हणून ते सर्वांना सोयीचेही पडते. न्यूयॉर्कचा शेअर दलाल आणि गुंतवणूक सल्लागार बर्नार्ड मॅडॉफ याच्या प्रकरणात पुढे आलेली माहिती मात्र वेगळेच सांगते. 11 डिसेंबर 2008 रोजी मॅडॉफला अटक झाली, तेव्हा त्याच्या ग्राहकांच्या खात्यांवर कागदोपत्री सुमारे 65 अब्ज डॉलर जमा होते. या खात्यांवर दाखवलेले शेअरव्यवहार बाजारात झालेलेच नव्हते. ग्राहकांचा पैसा एका बँक खात्यात येई आणि नव्यांच्या रकमेतून जुन्यांना पैसे दिले जात. हे काही दशके चालले. जून 2009 मध्ये त्याला 150 वर्षांची शिक्षा झाली आणि 2021 मध्ये तो तुरुंगातच मरण पावला.

हावेचा समज आकड्यांपुढे टिकत नाही. मॅडॉफ दामदुपटीचे आमिष दाखवत नव्हता. त्याच्याकडे वर्षाला साधारण 10 ते 12 टक्के परतावा मिळे. 1995 ते 1999 या पाचही वर्षांत अमेरिकेच्या एस अँड पी 500 या निर्देशांकाने लाभांशासह 20 टक्क्यांहून जास्त परतावा दिला होता. हावरट माणसाने साध्या निर्देशांक फंडात पैसे ठेवले असते, तरी त्याची अधिक कमाई झाली असती. मॅडॉफकडे येणाऱ्यांना हवी होती ती निर्धास्ती. बाजार पडो वा चढो, त्याच्याकडचा परतावा जवळपास सारखाच राही आणि तोट्याचे महिने अगदी मोजके असत. ज्याने आयुष्यभर धंद्यात जोखीम घेतली, त्याला साठीनंतर झोप उडवणारी गुंतवणूक नको असते. ही अपेक्षा अगदी रास्त आहे. मात्र शेअर बाजारातून इतका सरळ रेषेतला परतावा वर्षानुवर्षे मिळणे हीच मुळात सर्वांत संशयास्पद गोष्ट होती. ग्राहकांना जे सुरक्षिततेचे लक्षण वाटले, तेच धोक्याचे लक्षण होते.

संशयास्पद माणूस वागण्याबोलण्यातून ओळखू येतो, असेही अनेकांना वाटते. मॅडॉफ नॅस्डॅक या शेअर बाजाराच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष राहिलेला होता. 1960 मध्ये सुरू केलेली त्याची दलाली पेढी खरोखरच शेअरची मोठी उलाढाल करी. मॅनहॅटनमधल्या ‘लिपस्टिक बिल्डिंग’ या इमारतीत एकोणिसाव्या मजल्यावर हा खरा व्यवसाय चाले आणि सतराव्या मजल्यावर खोटे खातेउतारे तयार होत. आधी शेअरचे जुने भाव पाहायचे, मग त्यांत बसतील अशा मागच्या तारखांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी करायच्या, हे तिथल्या कर्मचाऱ्यांचे रोजचे काम होते. 2013-14 मध्ये त्यांच्यापैकी पाच जणांवर खटला चालला, तेव्हाच्या साक्षीतून एक तपशील समोर आला. बाहेरच्या लेखापरीक्षकांसाठी घाईघाईने छापलेले कागद यंत्रातून गरमच बाहेर येत. ते ताजे वाटू नयेत म्हणून फ्रिजमध्ये थंड केले जात आणि जुने, हाताळलेले दिसावेत म्हणून इकडून तिकडे फेकले जात.

शुल्काचा मुद्दाही असाच फसवा होता. मॅडॉफ व्यवस्थापन शुल्क घेत नसे, फक्त दलालीवर समाधान मानी. कित्येकांना तो परत पाठवी. त्यामुळे त्याच्याकडे खाते असणे हा मान वाटू लागला, आणि ज्याला प्रवेश मिळाला तो प्रश्न विचारून तो गमावायला तयार होईना.

सर्वांत घट्ट रुजलेला समज असा की, धनिकांच्या पदरी तज्ज्ञ असतात आणि ते सगळे तपासून घेतात. तज्ज्ञ होते हे खरे. फेअरफिल्ड ग्रीनिच या कंपनीने ग्राहकांचे सुमारे 7 अब्ज डॉलर मॅडॉफकडे दिले होते. युरोपातल्या मोठ्या बँकांनी आपल्या खास ग्राहकांचा पैसा अशाच मध्यस्थ फंडांमार्फत तिथे पोहोचवला. या मध्यस्थांची फी दर वर्षी एक टक्का, शिवाय नफ्यातला पाचवा हिस्सा अशी असे. मॅडॉफवर शंका घेणे म्हणजे स्वतःच्याच उत्पन्नावर पाणी सोडणे होते. ग्राहकाने फंडावर विश्वास टाकला, फंडाने मॅडॉफच्या लौकिकावर, आणि लौकिक उभा होता तो इतक्या मोठ्या ग्राहकांच्या नावांवर. ‘एवढ्या मोठ्या लोकांनी पाहूनच ठेवले असणार’ हे वाक्य या साखळीतला प्रत्येक जण दुसऱ्याच्या भरवशावर बोलत होता.

तपासणी अवघड होती असेही नाही. अक्सिया या सल्लागार संस्थेने मॅडॉफचा लेखापरीक्षक कोण, याचीही चौकशी केली. अब्जावधींचे हिशेब तपासणारी पेढी न्यूयॉर्कच्या उपनगरात सुमारे 13 बाय 18 फुटांच्या खोलीत होती आणि तिथे प्रत्यक्ष काम करणारा लेखापाल एकच होता. अक्सियाने आपल्या ग्राहकांना दूर राहायला सांगितले.

बुद्धी आणि शिक्षण माणसाला वाचवते, हा समज स्टीफन ग्रीनस्पॅन यांच्या अनुभवाने खोटा ठरतो. हे मानसशास्त्रज्ञ माणसे सहज का फसतात याचाच अभ्यास करत. या विषयावरचे त्यांचे पुस्तक 2008 च्या अखेरीस प्रसिद्ध झाले आणि त्याच सुमारास त्यांच्या निवृत्तीच्या पुंजीचा सुमारे तिसरा हिस्सा मॅडॉफच्या घोटाळ्यात गेल्याचे उघड झाले. आर्थिक व्यवहारांत आपल्याला गती नाही हे ते जाणून होते. म्हणूनच त्यांनी जाणकार समजल्या जाणाऱ्यांवर भिस्त ठेवली. डॉक्टर, वकील, उद्योजक यांचेही असेच होते. शिवाय एका क्षेत्रात नाव कमावलेल्या माणसाला दुसऱ्या क्षेत्रातले आपले अज्ञान चारचौघांत कबूल करणे जड जाते.

ओळखीपाळखीचा भाग इथे फार मोठा आहे. फ्लॉरिडातला पाम बीच कंट्री क्लब, ज्यू समाजाच्या देणगीसंस्था, विद्यापीठे, नातेवाइकांची वर्तुळे, यांतून ग्राहक येत गेले. नाझी छळछावणीतून वाचलेले नोबेल शांतता पुरस्काराचे मानकरी एली वीझेल यांच्या प्रतिष्ठानचे 15 दशलक्ष डॉलरहून अधिक बुडाले. धर्मादाय प्रतिष्ठाने अशा फसवणुकीला विशेष उपयोगी पडतात. अमेरिकेत खासगी प्रतिष्ठानांना वर्षाला मालमत्तेच्या साधारण 5 टक्केच खर्च करावे लागतात. त्यामुळे मुद्दल वर्षानुवर्षे कोणी मागत नाही आणि रोकड आहे की नाही, हा प्रश्नच उभा राहत नाही. समाज कोणताही असो, आपल्या माणसावरचा विश्वास ही चांगली गोष्ट आहे. तिचाच असा वापर होतो, हे या प्रकाराचे सर्वांत क्लेशदायक अंग आहे. भारतात ओळखीचे हे काम बँकेच्या पाटीनेही होऊ शकते. डिसेंबर 2010 मध्ये सिटीबँकेच्या गुडगाव शाखेतल्या कर्मचाऱ्याने सेबीच्या नावाचे बनावट पत्र दाखवून श्रीमंत ग्राहकांचा पैसा वळवल्याचे प्रकरण उघडकीस आले होते.

नियामक यंत्रणेने हरकत घेतली नाही म्हणजे सगळे ठीक आहे, हाही असाच एक आधार. 1992 मध्ये अमेरिकेच्या एसईसी या रोखे नियामकाने मॅडॉफकडे पैसे वळवणारी एक विनानोंदणी पेढी बंद केली. गुंतवणूकदारांना सुमारे 44 कोटी डॉलर परत करावे लागले, आणि ते परत मिळाले. हा पैसा कुठून आला हे कोणी खोदून विचारले नाही. उलट मॅडॉफची पत वाढली. हॅरी मार्कोपोलोस या विश्लेषकाने 2000 पासून एसईसीला वारंवार सावध केले. मॅडॉफ आपल्या गुंतवणुकीचा जो डावपेच सांगत होता, त्याला ऑप्शन्सचे (ठरलेल्या भावाने शेअर घेण्या-विकण्याच्या हक्काचे) जितके प्रचंड सौदे लागले असते, तितके बाजारात होतच नव्हते, हे त्याने दाखवून दिले. 2006 मध्ये तपासनीसांनी मॅडॉफकडून रोखे ठेवणाऱ्या मध्यवर्ती संस्थेतल्या त्याच्या खात्याचा क्रमांकही घेतला. त्या खात्यात खरोखर किती शेअर आहेत याची त्या संस्थेकडे नीट चौकशी झाली असती, तर घोटाळा तिथेच उघडा पडला असता. ती झाली नाही.

सगळ्या प्रकरणाची किल्ली याच चौकशीत आहे. सल्ला देणारा, व्यवहार करणारा आणि रोखे ताब्यात ठेवणारा एकच असेल, तर खातेउतारा हे केवळ त्याचे स्वतःचे म्हणणे ठरते. रोखे स्वतंत्र संस्थेच्या, म्हणजे कस्टोडियनच्या ताब्यात असले तर तिच्याकडून थेट खात्री करता येते. भारतात ग्राहकाचे शेअर त्याच्याच नावाच्या डीमॅट खात्यात असतील, तर एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीकडूनही विवरण मिळते. सल्लागाराने छापून दिलेला कागद आणि हे विवरण ताडून पाहायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

सगळा पैसा नाहीसा झाला आणि झळ फक्त कोट्यधीशांना बसली, हा शेवटचा समज. 65 अब्ज हा आकडा काल्पनिक नफा धरून होता. प्रत्यक्ष गेलेले मुद्दल त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी होते. भरलेल्यापेक्षा जास्त काढून घेतलेल्यांकडून न्यायालयीन विश्वस्ताने रकमा परत मागितल्या. जेफ्री पिकॉवर या एकाच गुंतवणूकदाराच्या वारसांकडून 7.2 अब्ज डॉलर आले. अमेरिकी सरकारच्या वेगळ्या निधीने डिसेंबर 2024 पर्यंत 127 देशांतल्या 40 हजारांहून अधिक लोकांना 4 अब्जांवर डॉलर वाटले. त्यांतले बरेच जण मध्यस्थ फंडांतून आलेले छोटे गुंतवणूकदार होते. मॅडॉफच्या पेढीत त्यांचे स्वतःच्या नावाचे खातेही नव्हते.