तोंड एकच, वेग वेगळा

घरात निकाह झाला की महिना-दीड महिन्याने फोटोवाला हार्ड डिस्क मागून घेतो आणि शंभरेक जीबीचे चित्रीकरण भरून परत देतो. ते संगणकावर उतरवायला एखाद्या घरी पाच मिनिटे लागतात, एखाद्या घरी पाऊण तास. ‘संगणक जुना झाला’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण पुष्कळदा दोष केबलचा असतो.

यूएसबी ही जोडणी १९९६ मध्ये आली. इंटेल कंपनीत तिच्यासाठी पुढाकार घेणारे अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. त्याआधी माउस, कीबोर्ड, प्रिंटर, प्रत्येकाची खाच निराळी असे. २००० साली आलेल्या यूएसबी २.० चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. आकडा मोठा वाटतो, पण आठ बिट म्हणजे एक बाइट. कागदावर ६० मेगाबाइट, हातात पडतात ३५-४०. पाऊण तासाचा हिशेब इथेच लागतो. २००८ च्या यूएसबी ३.० ने हा वेग ५ गिगाबिटवर नेला. तिची खाच बहुधा आतून निळी असते, म्हणून मुलांनाही ओळखता येते.

घोळ झाला तो २०१४ नंतर, सी टाइपमुळे. उलटसुलट कशीही लावा, बसते. सोय मोठीच आहे. पण त्या एकाच तोंडामागे ४८० मेगाबिटची तार असू शकते, १० गिगाबिटची, किंवा ४० गिगाबिटची थंडरबोल्टही. बाहेरून कळत नाही. फोनच्या डब्यात मिळणारी केबल बहुतेक वेळा ४८० चीच असते. २०२३ च्या साध्या आयफोन १५ मध्ये तर खाचच त्या वेगाची आहे. तिथे महागडी केबल काय करणार? काही स्वस्त केबलींत माहिती वाहणाऱ्या तारा नसतातच. फोन चार्ज होतो, संगणकाला दिसत नाही.

तेव्हा दुकानात नुसते ‘सी टाइप द्या’ म्हणू नका. ‘१० गिगाबिटची डेटा केबल’ मागा आणि पाकिटावर तो आकडा छापलेला पाहा. थंडरबोल्टवर विजेची खूण असते, पण माझ्या मते साध्या घराला तिची गरज नाही. फिरती तबकडी असलेली हार्ड डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइटच्या आसपासच देते, मग केबल कितीही वेगवान असो. एसएसडी असेल तरच खरा फरक दिसेल.

नक्कल पूर्ण होण्याआधी केबल ओढली तर फाइल अर्धवट राहते, कधी उघडतही नाही. दादीजानचा आवाज असलेले चित्रीकरण दुसऱ्यांदा कोण करून देणार? आधी पडद्यावरून ‘इजेक्ट’ करा, दोन ठिकाणी नक्कल झाल्याशिवाय मूळ पुसू नका. एक नक्कल फुफूच्या घरी असली तर उत्तम. आणि नव्या केबलला कागदी पट्टी चिकटवून वेग लिहून ठेवा, नाहीतर आठवड्याभरात ती खणातल्या इतर केबलींत मिसळून जाते.