बेट ते बेट: किती किलोमीटर, किती तास?

आज आपण डिलाईल रोडवर बसून दोन बेटांमधलं अंतर मोजणार आहोत. तसे आपणही बेटवालेच. जुन्या नकाशात परळ आणि वरळी ही वेगळी बेटं दिसतात आणि आपण त्या दोघांच्या मधल्या खलाटीत बसलोय. भराव पडले, सात बेटं जोडली गेली आणि मधलं पाणी आपण विसरलो.

मागच्या व्याख्यानानंतर एका ताईंनी आम्हाला तिकीट दाखवलं. त्यांची बहीण मॉरिशसला दिलेली. "जाताना साडेचार तास, येताना साडेसात. परतीचं विमान लांबून येतं का हो?"

आधी अंतर बघू. पृथ्वीगोलावर मुंबई आणि मॉरिशस यांच्यामध्ये दोरा ताणला, तर तो भरतो सुमारे 4,700 किलोमीटर. वाटेत विषुववृत्त ओलांडायचं. मालदीव डावीकडे लांब राहतं, सेशेल्स उजवीकडे. एकोणिसाव्या शतकात कोकणातली माणसं गिरमिटावर या बेटावर गेली, तेव्हा जहाजाला आठवडे लागत. आज जेट विमानाला साधारण सहा तास लागतात, जाताना आणि येतानाही.

मग साडेचार कुठून आले? तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची छापतात. मॉरिशसचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. समजा, सकाळी 6 ला मुंबईहून निघालो. सहा तासांनी आपल्या घड्याळात दुपारचे 12, पण तिथे साडेदहाच. परत येताना तोच दीड तास उलटा चढतो. म्हणजे फरक घड्याळाचा आहे, वाटेचा नाही.

आता खरी गंमत पुढे आहे. मॉरिशसच्या पूर्वेला रॉड्रिग्ज नावाचं बेट आहे, जेमतेम 108 चौरस किलोमीटरचं. दोन्ही विमानतळांमधलं अंतर सुमारे 600 किलोमीटर, म्हणजे मुंबई-मॉरिशसच्या आठव्या हिश्श्याएवढं. पण वेळ लागतो साधारण दीड तास, म्हणजे चौथा हिस्सा! कारण तिथली धावपट्टी लहान, म्हणून पंख्याचं एटीआर विमान जातं. ते जेटपेक्षा बरंच हळू. शिवाय धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं यात जाणारा वेळ अंतर कमी झालं म्हणून त्याच प्रमाणात घटत नाही.

आणखी एक गोष्ट तिकिटावर दिसतच नाही, ती म्हणजे इंधन. मुंबईत उतरता आलं नाही तर विमान अहमदाबादला वळवता येतं. रॉड्रिग्जच्या आसपास दुसरा विमानतळच नाही. मग एक तर मॉरिशसला परतण्याइतकं इंधन बरोबर हवं, नाहीतर एकाकी विमानतळांच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे, बेटावर पोचल्यावरही सुमारे दोन तास उडता येईल इतकं. इंधनाला वजन असतं. ते जास्त भरलं की कधी सामान, कधी माणसं कमी करावी लागतात. रॉड्रिग्जचा गंभीर रुग्ण उपचारासाठी मॉरिशसलाच नेतात. अशा वेळी विमानातल्या एका जागेची किंमत काय असेल, विचार करा.

तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवू. तिकिटावरच्या वेळा वजा करण्याआधी दोन्ही घड्याळं एका गावची करायची. आणि बेट किती दूर आहे हे विचारताना किलोमीटरवर थांबायचं नाही; तिथे उतरता आलं नाही तर पुढे कुठे जायचं, हेही विचारायचं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.