आवळलेल्या वाटा, सैल पडलेल्या वाटा

चिखलोलीच्या माणसाला यकृताचा सिरॉसिस समजावून सांगायचा तर धरणापासून सुरुवात करणं सोपं जातं. अंबरनाथला पाणी देणारं धरण इथंच आहे. पुढची वाट अडली की पाणी मागं चढतं आणि मिळेल त्या फटीतून निघू पाहतं, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. आतडी आणि प्लीहा यांच्याकडून येणारं रक्त पोर्टल शिरेतून यकृतात शिरतं. यकृत घट्ट झालं की ते मागं तुंबतं. मग प्लीहा वाढते, पोटात पाणी होतं, अन्ननलिकेच्या तळाशी शिरा गाठींसारख्या फुगतात. त्यातली एखादी फुटली तर माणूस बसल्या जागी रक्ताची उलटी करतो. ज्या घरानं हे एकदा पाहिलं, ते घर ती रात्र विसरत नाही.

डॉक्टरांच्या मनातही कितीतरी वर्षं हेच चित्र होतं. स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लाएनेक यांनी १८१९ मध्ये या रोगाला सिरॉसिस हे नाव दिलं, तेही शवविच्छेदनात दिसलेल्या यकृताच्या पिवळट-तपकिरी रंगावरून. मेलेल्या माणसाच्या यकृतात व्रण दिसतात, गाठी दिसतात. रक्तवाहिनी आवळली होती की सैल पडली होती, हे मात्र दिसत नाही. त्यामुळे अडथळा व्रणांचाच, आणि व्रण काही विरघळत नाहीत, असा समज पक्का झाला. गेल्या सत्तर वर्षांत तो कसा सुटत गेला, त्याचा हा मागोवा.

निरोगी यकृतातून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त जातं, त्यातलं सुमारे तीन चतुर्थांश पोर्टल शिरेचं. एवढं रक्त अगदी कमी दाबानं पार होतं, कारण यकृतातल्या बारीक वाहिन्या, म्हणजे सायनुसॉइड, इतर केशवाहिन्यांसारख्या नसतात. त्यांच्या अस्तराला चाळणीसारखी भोकं असतात. रक्तातला द्रव भोकांतून थेट यकृताच्या पेशींना भिडतो. १९६३ मध्ये शाफनर आणि पॉपर यांनी दाखवलं की सिरॉसिसमध्ये ही भोकं बुजतात, अस्तराखाली पडदा तयार होतो आणि सायनुसॉइड साध्या केशवाहिनीसारखा बंदिस्त होतो. रक्त यकृतातून जातं खरं, पण यकृताला भेटत नाही.

त्याआधी, १९५१ मध्ये, मायर्स आणि टेलर यांनी जिवंत माणसात पोर्टल शिरेतला दाब मोजायची रीत दिली होती. शिरेतून बारीक नळी यकृतापर्यंत न्यायची, तिथल्या शिरेत घट्ट बसवून एकदा आणि मोकळी ठेवून एकदा दाब घ्यायचा. दोन्हींतला फरक पाच मिलिमीटरपर्यंत असेल तर ठीक. दहाच्या वर गेला की पोटात पाणी होण्याची, शिरा फुगण्याची भीती. बारा गाठले की त्या फुटण्याची. या पद्धतीमुळेच पुढची औषधं पारखता आली.

माझ्या मते या गोष्टीचं खरं वळण १९८५ चं. भाथल आणि ग्रॉसमन यांनी सिरॉसिस झालेल्या उंदरांची यकृतं बाहेर काढून त्यांतून द्रव वाहता ठेवला आणि त्यात रक्तवाहिन्या सैल करणारी औषधं घातली. अडथळा कमी झाला. व्रण जागचे हलले नव्हते, तरी वाट रुंदावली. म्हणजे अडथळ्याचा एक हिस्सा, पुढच्या अंदाजांनुसार जवळपास पाव, हा व्रणाचा नव्हताच. ते आवळणं होतं. धरणाची भिंत स्वतःला आवळत नाही. यकृत आवळतं.

आवळतं कोण? सायनुसॉइडला बाहेरून मिठी मारून बसलेल्या तारकापेशी. त्या कुप्फर यांनी १८७६ मध्येच पाहिल्या होत्या. एरवी त्या 'अ' जीवनसत्त्व साठवून निवांत असतात. यकृताला सतत इजा होऊ लागली की त्या स्नायूंसारख्या आकुंचन पावतात आणि व्रणाचे धागेही विणतात. त्यांना सैल ठेवण्याचं काम अस्तराच्या पेशी करतात, नायट्रिक ऑक्साइड नावाच्या वायूच्या मदतीनं. रक्तवाहिनीचं अस्तर असा काही पदार्थ सोडतं हे फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवलं होतं. १९९८ मध्ये या शोधांसाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना नोबेल मिळालं. त्याच वर्षी दोन वेगवेगळ्या गटांनी सांगितलं की सिरॉसिस झालेल्या यकृताचं अस्तर हा वायू पुरेसा बनवतच नाही.

इथं एक कोडं होतं. १९५३ मध्येच कोवाल्स्की आणि एबलमन यांनी नोंदवलं होतं की सिरॉसिसच्या अनेक रोग्यांचं हृदय नेहमीपेक्षा जास्त रक्त फेकतं. त्यांचे तळहात उबदार असतात, नाडी ठणठणीत लागते. कारण यकृतात ज्या वायूचा तुटवडा, त्याचाच आतड्यांच्या धमन्यांमध्ये सुकाळ. आत वाट आवळलेली, बाहेर वाटा सैल पडलेल्या, आणि सैल वाटांनी आणखी रक्त त्याच अडलेल्या यकृतावर येऊन आदळतं. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती, ते आपल्याकडं सगळ्यांना आठवतं. पूर येतो तेव्हा पुढं तुंबलेलं पाणी जितकं महत्त्वाचं, तितकाच मागून येणारा लोंढा. पोर्टल शिरेतही तसंच.

लोंढा कमी करायचं औषध मात्र कोडं सुटायच्या आधीच हाती आलं होतं. पॅरिसच्या लब्रेक यांनी १९८० मध्ये हृदयाची जुनी गोळी, प्रोप्रॅनोलॉल, पोर्टल शिरेचा दाब उतरवते हे दाखवलं. ती हृदयाचा वेग कमी करते आणि आतड्यांच्या धमन्या थोड्या आवळते. १९९९ मध्ये दिल्लीच्या शिवकुमार सरीन आणि सहकाऱ्यांनी फुगलेल्या शिरांना दुर्बिणीतून रबरी कडी बसवण्याची तुलना याच गोळीशी केली. मोठ्या शिरांचा पहिला रक्तस्राव टाळण्यात कडी सरस ठरली. पुढं २०१९ मध्ये स्पेनमधल्या २०१ रोग्यांच्या चाचणीत प्रोप्रॅनोलॉल किंवा त्याच गटातलं कार्व्हेडिलॉल घेणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांना पोटात पाणी होण्यासारखी गुंतागुंत झाली किंवा यकृतामुळे मृत्यू आला. नुसती दिसायला तशी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २७ टक्के होतं. कोलेस्टेरॉलसाठी दिल्या जाणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांकडून यकृतातलंच अस्तर सुधारेल अशी मोठी आशा होती. प्रगत रोगात ती अजून खरी ठरलेली नाही.

व्रण विरघळत नाहीत, या समजालाही धक्का बसला, आणि त्यातला एक धक्का आपल्या पुण्यातून. आपल्याकडं तान्ह्या मुलांना होणारा एक सिरॉसिस १८८७ पासून नोंदलेला होता. 'पोराचं लिव्हर वाढलंय' म्हणत आई दवाखान्यात यायची. सहा महिन्यांपासून काही वर्षांपर्यंतचं मूल, टणक यकृत, पुढं फुगलेलं पोट, आणि बहुतेकदा मृत्यू. एका घरात एकामागून एक भावंडं जायची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले आनंद पंडित, शीला भावे आणि इंग्लंडचे स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या यकृतात प्रचंड तांबं पाहिलं आणि ते आलं कुठून हे शोधलं. १९८३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी बोट ठेवलं ते स्वयंपाकघरातल्या पितळी भांड्यावर. आईचं दूध लवकर सोडून वरचं दूध सुरू झालेलं, ते पितळी पातेल्यात तापवलेलं आणि त्यातच ठेवलेलं. कल्हई असेल तर दुधाला तांबं लागत नाही. कल्हई उडालेली असेल तर लागतं. अशा भांड्यातलं दूध पिणारं प्रत्येक मूल आजारी पडत नव्हतं, तेव्हा जन्मजात काहीतरी धागा असावा असा कयास आहे. ऑस्ट्रियाच्या टिरोलमध्येही १९०० ते १९७४ या काळात तांब्याच्या भांड्यात तापवलेल्या दुधावर वाढलेल्या १३८ बालकांना असाच रोग झाल्याचं १९९६ मध्ये प्रसिद्ध झालं.

पुण्याच्या गटानं पेनिसिलामाइन हे तांबं बाहेर काढणारं औषध लवकर सुरू केलं आणि अनेक मुलं जगली. १९९६ मध्ये आशिष बावडेकर आणि सहकाऱ्यांनी या जगलेल्या मुलांची पुढच्या वर्षांची हकीकत लिहिली. त्यांच्या यकृताचे तुकडे पुन्हा तपासले तेव्हा रोग निवळत गेलेला दिसला. तान्ह्याचा रोग आणि दारूचा, हेपॅटायटिसचा किंवा चरबीचा सिरॉसिस एक नव्हेत, हे खरं. पण इजा थांबली तर यकृत मागं फिरू शकतं, हे त्या पोरांनी दाखवलं. घरोघरी स्टील आलं आणि तो रोग जवळपास दिसेनासा झाला. मोठ्यांच्या सिरॉसिसमध्येही हेपॅटायटिस बी किंवा सीचा विषाणू औषधानं आटोक्यात आला, दारू सुटली, की पोर्टल शिरेचा दाब अनेकांत उतरतो.

एवढ्या सगळ्या संशोधनातून घरी येते ती एक छोटी गोळी. ती किती घ्यायची हे ठरवताना डॉक्टर नाडी बघतात. मिनिटाला ५५ ते ६० ठोके, आणि वरचा रक्तदाब नव्वदच्या खाली जाऊ द्यायचा नाही. पोटात पाणी झालेल्या रोग्यात दाब घसरला तर गोळी कमी करतात, वेळ पडली तर बंद करतात. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. बाकी काम घरच्यांचं. सकाळी चहाच्या आधी वडिलांच्या मनगटावर दोन बोटं टेकवायची आणि घड्याळाकडं बघत पूर्ण मिनिटभर ठोके मोजायचे.